बोकोबांनी नाक का मुरडलं?

"आई, बाबा, खरं सांगा, त्या फोटोत आपल्या बोकोबांनी नेमकं काय हुंगलं होतं?"

हे घरी विचारूनच दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. बाबांनी सहज काढलेल्या त्या फोटोचे मीम आता जगभर फिरत होते. गणिताचा पेपर हातात पडला की बोकोबांचं ते वाकडं तोंड, नको ते पाहुणे दारात आले की तेच तोंड! शाळेत ती नुसती मिरवत होती. वर, "उद्या अख्ख्या वर्गासमोर कारण सांगते," असा शब्दही देऊन बसली होती.

आई हसू दाबत म्हणाली, "तुझे व्हॉलीबॉलचे मोजे गं! जिंकतोय तोवर धुवायचे नाहीत म्हणून सोफ्यामागे लपवलेले."

"मी तर बोकोबांना डॉक्टरकडे न्यायला निघालो होतो!" बाबांनी हसता हसता पोट धरलं.

ती लालबुंद झाली. मग संघाच्या कॅप्टनला शोभेल अशा खणखणीत आवाजात तिनं जाहीर केलं,



"माझं ठरलंय. ते मोजे बाबांचे होते."