मधलं दार

एकोणीसशे ब्याऐंशी साली एक परदेशी बाई पत्ता विचारत मॉरिशसमधल्या तेर रूज गावी सत्यनारायणच्या घरी आली. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी युरोपातून पळालेल्या ज्यूंना मॉरिशसला आणून डांबलं, तेव्हा तो त्यांच्यावर पहारेकरी होता. पुरुष तुरुंगात, बायका भिंतीपलीकडे पत्र्याच्या झोपड्यांत. नवराबायकोलाही भेटायची बंदी होती.

"एकेचाळीसमध्ये एका रविवारी मधलं दार उघडं राहिलं होतं," बाई मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाली. "पहाऱ्यावर तुम्हीच होता ना?"

त्या दारापायी सत्यनारायणची चौकशी झाली होती, बढती कायमची गेली होती. आता पेन्शनही जाणार की काय?

साहेबापुढे उभं राहावं तसा तो उठून ताठ उभा राहिला. "कुलूप लावायला विसरलो, मादाम. चूक झाली."

"माझे आईवडील त्या दिवशी सात महिन्यांनी भेटले. मी जन्मायच्या आधीच वडील तापाने गेले." तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही विसरलात, म्हणून मी आहे."

सत्यनारायणने दारात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. त्याच्या विसरभोळेपणाला ती चाळीस वर्षं बोल लावत आली होती.

"चंद्रकला," तो घरच्या मराठीत म्हणाला, "मी विसरलो नव्हतो गं."

चंद्रकलाने त्याला खांद्याला धरून बाईकडे वळवलं.

"अहो, मग ते मला काय सांगता?" ती म्हणाली. "तिला सांगा. फ्रेंचमध्ये सांगा."