सोमण्णा मास्तरांचे पाच तारे

"हे वाचा अण्णा. हा माणूस तुम्हाला शिव्या घालतोय असं वाटतं ना?" स्पंदनानं संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. "यंत्र म्हणतं, याचा तुमच्यावर जीव आहे."

चन्नवीरप्पानं चष्मा लावला. 'पहिल्यासारखं लोणी राहिलं नाही. मालकाला सांगून उपयोग नाही, लेकाचा ऐकतच नाही.' हा रेल्वेतून निवृत्त झालेला हालप्पा. पंधरा वर्षं रोज सकाळी सातला येतो, कुरकुरतो आणि वर दुसरा डोसा मागवतो. पण यंत्राला हालप्पा कुठून माहीत? चन्नवीरप्पाच्या अंगावर सरसरून काटा आला.

"आणि हा? 'उत्तम सेवा. डोसा येईपर्यंत आयुष्याचा विचार करून होतो.' हा तर खूश दिसतोय."

"हा चिडलाय. टोमणा आहे तो."

"असेल बाई. त्या आठवड्यात मोठा तवा बिघडला होता." त्यानं पडद्याकडे जरा दबकूनच पाहिलं. "स्पंदनाम्मा, हे यंत्र आहे की आमचं कुलदैवत?"

ती हसली. लोक दुकाना-हॉटेलांबद्दल नेटवर जे लिहितात, त्यामागचं मन ओळखायचं, हाच मल्लेश्वरममधल्या त्या ऑफिसचा धंदा. चन्नवीरप्पा आला होता तो मात्र अडला म्हणून. बापानं दावणगिरीहून बंगळुरात येऊन थाटलेलं लोणी-डोशाचं हॉटेल एक मोठी कंपनी विकत मागत होती. सोमवारी हो की नाही ते सांगायचं होतं. बायको गिरिजा म्हणत होती, विका आणि सुटा एकदाचे. तो म्हणत होता, लोकांचं प्रेम आहे तोवर बापाचं हॉटेल विकणार नाही. मग आहे का प्रेम, तेच मोजून घेऊ म्हणून तो इथला जिना चढला.

"बाराशे अभिप्राय," स्पंदना म्हणाली. "त्यातले ब्याऐंशी टक्के अगदी मनापासून. इतकं प्रेम मी कुठल्याच हॉटेलचं पाहिलं नाही."

त्याचा ऊर भरून आला. "मग संपलं. नाही विकायचं."

"एकच गोष्ट चमत्कारिक निघाली. तुमच्या हॉटेलचा सगळ्यात जास्त तिटकारा कुणाला आहे, माहितीये? सोमण्णा मास्तरांना."

चन्नवीरप्पानं कॉफीचा पेला खाली ठेवला. "काहीतरीच काय. मास्तर दर महिन्याला पाच तारे देतात."

"नऊ वर्षं, एकशेआठ वेळा. पण यंत्र तारे बघत नाही, अण्णा. मास्तरांनी स्वच्छता लिहिली, शिस्त लिहिली, तुमच्या वडिलांची पुण्याई लिहिली. डोशाची चव एकदाही लिहिली नाही. ज्याला आवडतं तो हालप्पासारखा हक्कानं कुरकुरतो, मास्तर कधीच कुरकुरले नाहीत. यंत्र म्हणतं, हा माणूस तिथं नाइलाजानं येतो. त्या जागेत त्याचा जीव गुदमरतो. सत्त्याण्णव टक्के खात्री."

"इथं चुकलं तुझं यंत्र."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"चांगलाच. सज्जन माणूस आहे. कुणाचं मन मोडवत नाही त्याला."

"मग विचाराच त्यांना. यंत्राची चूक सापडली तर आम्हाला हवीच आहे."

"विचारतो," म्हणत तो उठला आणि बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला. खाली रिक्षांची गर्दी होती, कुणीतरी मोगऱ्याचे गजरे विकत होतं. आत जाऊन त्या यंत्रापुढे हात जोडावेत असं त्याला वाटलं, आणि पुन्हा त्याच्यासमोर उभं राहायची भीतीही वाटली. माणसाच्या इतक्या आतलं कुणाला दिसू शकतं, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

त्यानं खिशातून फोन काढला, नऊ वर्षांपूर्वी स्वतःच उघडलेल्या सोमण्णा मास्तरांच्या खात्यात शिरला आणि पहिल्यांदाच एक तारा दिला.