साहेबांचा होकार

परदेश दौरा आटोपून साहेब विमानतळावरून थेट कचेरीत आले. दुपारी तीनला त्यांच्या डोळ्यांत तिकडची मध्यरात्र उतरली आणि खुर्चीत ताठ बसल्या बसल्या मान पुढे लवू लागली. हेडक्लार्कबाई याच घटकेला टपून बसल्या होत्या. कचेरीची रीत अशी की, साहेबांनी मान हलवली की बाईंनी शिक्का मारायचा.

“साहेब, लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर रजा हवी होती.” तीनदा नाकारलेला अर्ज त्यांनी पुढे सरकवला. साहेबांची मान खाली गेली. धप्प! शिक्का बसला.

“अहो बाई, साहेब झोपलेत!” टायपिस्ट कुजबुजला.

“झोपेनात का! जागेपणी त्यांची मान आडवीच हलते. तुझा बदलीचा अर्ज आण आधी.”

बघता बघता दारापर्यंत रांग लागली. पाच वाजले तरी निम्मे अर्ज उरले. बाईंनी मग एक कोरा कागद घेतला, त्यावर दोन ओळी खरडल्या आणि मायेने विचारलं, “साहेब, पुढच्या महिन्यातला परदेश दौराही आपणच करणार ना?”

साहेबांची मान थेट छातीला टेकली आणि ते घोरू लागले.

इतका ठाम होकार त्या कचेरीने आजवर पाहिला नव्हता.