रेवाचं पान

पान हातात आलं आणि श्रावस्तीची नजर चित्रावरच अडकली. रेवा तिनेच काढली होती. विहीर खणणाऱ्याची मुलगी, विशीतली, ताठ मानेची. डोळे तिने आपल्या आईचे दिले होते. छापून आलेल्या रेवाची मात्र पाठ वाकली होती आणि नजर जमिनीवर होती.

चित्राखाली आकडे होते. शक्ती चौदा, धैर्य दहा, बुद्धी सहा. त्यांच्याही वर एक नवी ओळ घातलेली होती. जन्म: वेशीबाहेर.

नोएडातल्या त्या छोट्या स्टुडिओत आज नव्या खेळाची चाचणी होती. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याचं पान समोर ठेवायचं आणि सुधन्वा सांगेल त्या गोष्टीत फासे टाकत पुढे जायचं. नियम सुधन्वाने लिहिले होते, चित्रं श्रावस्तीची होती. स्टुडिओचा मालक अनुराग राजपुत्र झाला होता, चेतना मांत्रिक.

चित्र कोणी बदललं, असं श्रावस्तीने विचारलं. मीच बदलून घेतलं, सुधन्वा फासे मांडता मांडता म्हणाला. मूळ चित्र जन्माशी जुळत नव्हतं.

तिने पान टेबलावर ठेवलं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

खेळ हिंदीत चालला होता. तासाभरात तिघं किल्ल्याखालच्या गुहेत पोचली. पुढे दगडी दार, दारावर कोरलेला मजकूर. तो जो वाचेल त्याच्यासाठीच दार उघडणार. अनुरागचे फासे कमी पडले, चेतनाचेही. श्रावस्तीने फासे उचलले आणि सांगितलं, रेवा वाचते.

सुधन्वाने तिच्यासमोर हात आडवा धरला. रेवाला फासे नाहीत. वेशीबाहेर जन्मलेल्याला अक्षरओळख नसते, तसा नियम आहे.

"आणि शिकली तर?" तिने मराठीत विचारलं.

"नाही शिकू शकत. तिची बुद्धी सहाच्या वर जातच नाही." मग तो तिच्याकडे झुकला आणि हळू आवाजात म्हणाला, "तू मनावर घेऊ नकोस यार. काल्पनिक राज्य आहे हे."

तिने उत्तर मुद्दाम हिंदीत दिलं, टेबलावरच्या सगळ्यांना कळावं म्हणून. या राज्यात घोडे उडतात, मेलेले उठून बसतात, नदी माणसांशी बोलते. इतकं सगळं तुला सुचलं. एक मुलगी वाचते, तेवढंच सुचलं नाही.

चेतना चहाच्या कपात बघत राहिली. अनुराग हसला. खेळ आहे, पुढे चला, साडेचारला माझी मीटिंग आहे, असं म्हणत त्याने फासे स्वतःकडे ओढले. राजपुत्र पुन्हा प्रयत्न करणार होता. मान वर न करताच त्याने श्रावस्तीला फर्मावलं, "रेवा, मशाल इधर लाओ. दरवाज़े के पास."

श्रावस्तीने पान पाहिलं. सगळ्यात खालच्या चौकटीत रेवाजवळच्या वस्तू लिहिल्या होत्या. दोर, मशाल, चकमक. ते तीन शब्द तिने दोनदा वाचले.

"रेवा मशाल बुझा देती है," ती म्हणाली.

अनुरागच्या हातातले फासे हातातच राहिले. असं करता येणार नाही, सुधन्वा म्हणाला. कोणत्या नियमाने, तिने विचारलं. त्याने नियमांची वही उघडली, पानं उलटली, परत मागे गेला. रेवाने काय वाचू नये, कुठे बसू नये, कोणाच्या पुढे चालू नये, हे सगळं तिथे होतं. मशाल विझवू नये, असं कुठेच नव्हतं.

"अगं, पण मग काळोख होईल," तो मराठीत म्हणाला. "कोणालाच वाचता येणार नाही."

"हो."

तिने रेवाच्या पानावर तळहात ठेवला. सुधन्वाने अनुरागचं पान ओढून घेतलं, मग चेतनाचं. एकावर तलवार, ढाल, उडता घोडा. दुसऱ्यावर पाऊस पाडण्याचा मंत्र, पक्ष्यांची भाषा, अदृश्य होण्याची अंगठी. दोन्ही पानं त्याने वरपासून खालपर्यंत पाहिली, उलटून मागूनही पाहिली. उजेड त्यांच्यापैकी कोणाच्याच नावावर नव्हता.