झोपी गेलेला पट्टा

"अंग अजून कोमट आहे, मॅडम. पहाटेपर्यंत जिवंत होती," वनरक्षक भिवाजी म्हणाले. तारेच्या फासात अडकून मेलेल्या लांडगिणीच्या गळ्यातला ठावठिकाणा कळवणारा पट्टा सोडवून त्यांनी तो बनवणाऱ्या मृणालच्या हातात दिला. "मग दोन दिवस पट्ट्याचा निरोप कसा नाही आला?"

मृणालनं पट्टा लॅपटॉपला जोडला. परवा तासभराची धडपड दिसली. मग हालचाल थांबली आणि पट्टा निरोप पाठवणं थांबवून झोपी गेला. ती सोय तिचीच. वीस वर्षांपूर्वी धावपटूंच्या सेन्सरसाठी केलेली: माणूस थांबला म्हणजे विसावला, बॅटरी वाचवा. त्यावर तिला पुरस्कारही मिळाला होता. लांडग्यांसाठी पट्टा करताना तिनं ती तशीच ठेवली.

लांडगिणीची आचळं दुधानं तटतटली होती. "पिल्लं असणार कुठंतरी," भिवाजी पुटपुटले.

मृणालनं आधीच्या नोंदी चाळल्या. रोज दुपारी पट्टा एकाच जागी झोपायचा, टेकडीमागच्या कपारीत. दोघं धावतच निघाले.

आत तीन पिल्लं एकमेकांना बिलगून पडली होती. एकही हलत नव्हतं.

"निजलीत बघा," भिवाजी हळूच म्हणाले.

मृणालला हात पुढे करवेना.