बहिरेपणाच्या तीन खुणा

ताटली फरशीवर आपटली आणि गरगरत भिंतीपाशी जाऊन थांबली. बायकोनं मागे वळूनही पाहिलं नाही. ओट्याशी उभी राहून ती भाजी चिरत राहिली.

लिफ्ट मेकॅनिकनं ताटली उचलली. ती हातातून निसटली नव्हती, त्यानं मुद्दाम टाकली होती. ही तिसरी खूण. आधी दाराची बेल, मग कुकरच्या शिट्ट्या, आता ही. निवृत्त होईपर्यंत पस्तीस वर्षं त्यानं नुसत्या आवाजावरून लिफ्टचे बिघाड ओळखले होते. तीन खुणा जुळल्या की चौथीच्या मागे तो लागत नसे. बायकोला ऐकू येत नव्हतं.

त्याला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. मुलाला जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून त्या घरात कुणाला कशाचं काही वाटत नव्हतं. ती "वाढू?" म्हणायची, तो मान हलवायचा. एवढाच काय तो संवाद.

एका संध्याकाळी ती पाठमोरी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तो सहज म्हणाला, "आज बसमध्ये एक जण दिसला. मान अगदी त्याच्यासारखी. मी दोन स्टॉप पुढे गेलो."

तिनं पुढचा शर्ट उचलला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बोलला. मग रोजच. मुलाचा मोबाइल नंबर अजून पुसवत नाही, असं म्हणाला. त्याच्या लग्नासाठी मनात एक मुलगी हेरून ठेवली होती, तेही सांगितलं. भिंतीशी बोलावं तसं. फक्त ही भिंत मधूनच उठून गॅस बंद करायची.

बहीण चार दिवस राहायला आली आणि ओरडून ओरडून घसा बसवून घेऊन निघाली.

"वहिनीला कानाच्या डॉक्टरकडे ने. हल्ली मशीन मिळतं."

"बघू."

"बघू काय, दादा? बुधवारी अकराची वेळ घेतलीय मी."

मशीन बसलं की आपलं बोलणं संपलं, हे त्याला तिथल्या तिथे कळलं.

बुधवारी ती दोघं दवाखान्यातल्या बाकावर बसली. बाहेर दुसरं कुणी नव्हतं. आत बोलवायला दहा मिनिटं होती. तो समोरच्या दाराकडे बघत बोलला.

"रस्ता ओला होता, गाडी घसरली, असं सगळ्यांनी ठरवलं. मीही हो म्हटलं. पण आदल्या रविवारी तो मला म्हणाला होता, बाबा, ब्रेक नीट लागत नाही, जरा बघता का? मी मॅच बघत होतो. म्हटलं, पुढच्या रविवारी बघतो. गुरुवारी तो गेला."

बायको पिशवीचा पिळलेला बंद सरळ करत होती.

तपासणी करणाऱ्या मुलीनं तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि कागदावर लिहून दाखवलं: आवाज आला की बटण दाबायचं. तो काचेबाहेर उभा राहिला. बायकोनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग दाबतच राहिली. बिचारी अंदाजानं दाबतेय, असं त्याच्या मनात आलं.

अर्ध्या तासानं मुलगी आलेख घेऊन बाहेर आली. मागोमाग बायको.

"काका, काकूंचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"काहीतरी चुकलं असेल. मी स्वतः तपासलंय. तीनदा."

"मीही दोनदा तपासलं." मुलगी बायकोकडे वळली. "काकू, मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"ब्रेकचं मला त्याच रविवारी कळलं होतं," बायको म्हणाली. "ह्यांच्या तोंडून यायची वाट बघत होते."