साळुंकीचा शोध

शर्यतीला चाळीस मिनिटं उरली असताना टिटवीचं मोठं शीड वरपासून खालपर्यंत उभं फाटलं. कापड बावीस वर्षांचं होतं. इतके दिवस टिकलं हेच नवल, पण धाकट्याला ते आज ऐकून घ्यायचं नव्हतं. पन्नाशी उलटली तरी क्लबात सगळे त्याला धाकटाच म्हणत.

तो धक्क्यावरच्या शिडवाल्याकडे धावला. शिडवाला आत जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलला आणि शिवायला आलेलं एक शीड घेऊन बाहेर आला. मापात जवळपास बसत होतं. कुणाचं म्हणून धाकट्याने विचारलं.

"आहे एकाचं. त्याला आज लागणार नाही. जा आता, वेळ नको घालवू."

शिडावर एक्केचाळीस आकडा होता आणि टिटवीचा आकडा सात. समितीला कळवायला हवं होतं, कारण ती माणसं किनाऱ्यावरून दुर्बिणीने शिडांवरचे आकडेच टिपायची. पण कळवायचं म्हणजे अर्ज, सह्या, चौकशी. तोवर शर्यत सुटून गेली असती. टिटवीवर जोडीला असलेल्या दंतवैद्याने घाबरत विचारलं, की आपल्याला बाद करतील का.

"जिंकलो तर करतील," धाकटा म्हणाला. "त्यामुळे काळजी नको."

दंतवैद्य याच मोसमात शिडाला हात लावायला शिकला होता. त्याच्या आधीचे तिघे टिटवीला कंटाळून नव्या होड्यांवर गेले होते. त्यांचंही चुकलं नव्हतं. टिटवी वडिलांनी बांधलेली, सगळी लाकडाची. दर वर्षी धाकटा तिच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायचा आणि दर वर्षी त्या नव्या जागी उघडायच्या. रेडिओवर ऐकू यायचं, पण बोलायचं बटण गेल्या वर्षीच मेलं होतं. दुरुस्तीच्या यादीत ते बाराव्या नंबरवर होतं.

या होडीपायीच तो आणि थोरला भाऊ नऊ वर्षं बोलत नव्हते. तळाच्या फळ्या कुजल्यात, तिला आता पाण्यातून काढ, एवढंच थोरला म्हणाला होता. शब्दाला शब्द वाढत गेला.

"एक दिवस तुला घेऊन बुडेल ही," थोरला शेवटी म्हणाला.

"बुडालो तरी तुला हाक मारणार नाही."

पुढे थोरल्याने स्वतःची एक जुनी होडी घेतली, साळुंकी. ती खाडीत वर, त्याच्या घराशीच बांधलेली असे. शर्यतीला आली तरी धाकटा मान दुसरीकडे वळवायचा.

दुसऱ्या फेरीत आभाळ एकदम काळं झालं आणि वारा उलटा फिरला. धाकट्याने शीड खाली ओढलं, इंजिन सुरू केलं आणि कसाबसा बंधाऱ्याच्या आडोशाला आला. जीव भांड्यात पडला. आपण परतलो का हे कुणी विचारलंही नाही, म्हणून दंतवैद्य जरा रुसला.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. "साळुंकी, साळुंकी, उत्तर द्या." थोड्या वेळाने पुन्हा तेच. साळुंकी दुसऱ्या फेरीपासून दिसलेली नाही, थोरल्याचा फोन लागत नाही, बचावाची होडी एका उलटलेल्या होडीकडे गेली आहे.

धाकट्याने टिटवीचं तोंड समुद्राकडे वळवलं. दंतवैद्याला उतरायचं असेल तर उतर म्हणाला. दंतवैद्याने लाटांकडे पाहिलं, मग धाकट्याच्या चेहऱ्याकडे, आणि उपसायची बादली हातात घेतली.

बाहेर लाटा डोक्याएवढ्या होत्या. प्रत्येक लाटेवरून टिटवी आपटे आणि आत लाकूड करकरे. धाकटा डोळ्यांत तेल घालून बघत होता. मग त्याच्या लक्षात आलं की साळुंकीचा रंगही आपल्याला नीट माहीत नाही. इतकी वर्षं मान वळवण्यात गेली. त्याला स्वतःची लाज वाटली.

"दादा!" तो ओरडला. नऊ वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला आणि मग थांबेनाच. "दादा! ए दादा!"

इंजिन खोकून बंद पडलं. त्याने शीड अर्ध्यावर चढवलं. दंतवैद्य म्हणाला की पाणी बादलीला ऐकत नाही, आता परत फिरू या.

"तो एकटा आहे रे. मी टाकून आलो तर उद्या तोंड कुणाला दाखवू?"

खालून धप्प आवाज झाला. तळाची फळी सुटली होती. पाणी बघता बघता गुडघ्यापर्यंत आलं. रेडिओ अजून वर, कोरड्यात, टांगलेला होता.

"साळुंकी दिसली," रेडिओ म्हणाला. "निम्मी पाण्यात आहे. माणसं दोन, जिवंत."

धाकट्याला हुंदका आला. दादा जिवंत होता. त्याने चारही दिशांना मान फिरवून पाहिलं. लाटांशिवाय काहीच दिसत नव्हतं. मग बचावाची होडी दिसली. ती सरळ त्यांच्याकडेच येत होती.

पुढे वाकून हात लांब केलेला माणूस थोरला होता. त्याने आधी दंतवैद्याला आणि मग धाकट्याला दंडाला धरून वर ओढलं. त्यांच्या मागे टिटवी एका कुशीवर कलली आणि वडिलांच्या हातची ती होडी आवाज न करता खाली गेली. पाण्यावर फक्त शीड पसरून राहिलं.

धाकट्याने तिकडे पाहिलंही नाही. त्याने भावाला घट्ट मिठी मारली होती.

"वाचलास, दादा. होडी गेली तर जाऊ दे. साळुंकी कुठे बुडाली तुझी?"

थोरल्याने पाण्यावरच्या एक्केचाळीस आकड्यावरून नजर काढली नाही.

"साळुंकी घरी बांधलेली आहे. रेडिओवर तिचं नाव ऐकलं आणि धावत येऊन बचावाच्या होडीवर चढलो," तो म्हणाला. "तिचं शीड सकाळी तुला दिलं ना मी."